हेल्मेटच्या आतून

हेल्मेट घालून उताणं पडलं की हनुवटी आपोआप छातीकडे झुकते. बारा वर्षं मोटरसायकल चालवूनही मला हे माहीत नव्हतं, कारण हेल्मेट डोक्यात असताना मी कधी पाठीवर झोपलेच नव्हते. मागचं कवच आणि आतला फोम मिळून काही सेंटिमीटरची जाडी होते. डोक्याखाली तेवढी उशी आणि खांद्यांखाली काहीच नाही, म्हणून मान पुढे दुमडते. दोन मिनिटांत मला गिळायला जड जाऊ लागलं. काच बंद होती. स्वतःचाच श्वास कानात घुमत होता आणि माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसलेला मुलगा काय सांगतोय ते अर्धंमुर्धं कळत होतं. त्याचे हात हेल्मेटला लागले तेव्हा आत एवढा खरखराट झाला की मी दचकले, आणि दचकल्याबरोबर मान वळली.

"आत्ता काय झालं?" सरांनी विचारलं.

"हात लागेपर्यंत मला कळलंच नाही कोणी आलंय," मी आतून ओरडले.

सर त्या मुलाकडे बघत राहिले. तो उठला, फिरून माझ्या पायांच्या बाजूने आला, मला दिसेल अशा जागी थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "मी मदतीला आलोय. मान अजिबात हलवू नका, बोलूनच सांगा." मग डोक्याकडे गेला. या वेळी हात लागणार हे मला माहीत होतं. मी हलले नाही.

प्रथमोपचाराच्या दोन दिवसांच्या वर्गातला तो दुसरा दिवस होता आणि जखमी व्हायची पाळी माझी होती. हेल्मेट काढायला शिकणाऱ्या प्रत्येकाने आधी काढून घ्यायला पडावं, असं मला तेव्हापासून वाटतं. बाहेरून जे हळुवार दिसतं ते आतून किती धसमुसळं असतं, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने समजत नाही.

या वर्गाला मी आले ती एका जुन्या दृश्यामुळे. आम्ही पाच जण निघालो होतो. माझ्या पुढचा मित्र वळणावरच्या बारीक खडीवरून घसरला आणि गाडीपासून लांब फेकला गेला. तो शुद्धीवर होता, "पाय, पाय" म्हणत होता. मागून आलेल्या मोटारीतले एक गृहस्थ धावत आले आणि "आधी हेल्मेट काढा, गुदमरेल" म्हणत त्यांनी हनुवटीसमोरची पट्टी धरून ओढलं. पट्टा लावलेलाच होता. हेल्मेटबरोबर त्याचं डोकं वर उचललं गेलं, हनुवटी झटक्यात आकाशाकडे गेली. मग कोणीतरी बकल उघडलं, हेल्मेट निसटलं आणि डोकं रस्त्यावर आपटलं. त्याच्या घोट्याचं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मान शाबूत निघाली. त्या गृहस्थांवर मी कधी रागावले नाही. ते धावले तरी. मी हातात फोन घेऊन उभी होते.

वर्गात थेट हेल्मेटपासून सुरुवात होईल अशी माझी कल्पना होती. पहिली सकाळ सगळी रस्त्यावरच गेली, म्हणजे जखमीपर्यंत पोचण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात. आपली गाडी कुठे थांबवायची, मागून येणाऱ्यांना इशारा द्यायला कोणाला किती लांब पाठवायचं, पडलेल्या मोटरसायकलचं इंजिन बंद करणारं लाल बटण, सांडलेलं पेट्रोल, पायावर टेकलेला तापलेला सायलेन्सर. आपत्कालीन क्रमांक लावला की फोन स्पीकरवर ठेवून जमिनीवर ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि पलीकडचा माणूस सूचना देत राहतो. हे सगळं मला तेव्हा लांबण वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

रक्तस्रावाबद्दल एक गोष्ट ठळकपणे लक्षात राहिली. काळं जाकीट आणि जाड पँट रक्त लपवतात. सरांनी एका काळ्या जाकिटाच्या अस्तरात पाण्यात कालवलेला लाल रंग भिजवून ठेवला होता. वरून काही दिसत नव्हतं. हातमोजा घालून काखेतून, पाठीखालून, मांडीच्या आतल्या बाजूने हात फिरवायचा आणि प्रत्येक वेळी हातमोज्याकडे बघायचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि मांडीचं एकच हाड मोडलं तरी त्यातलं लिटरभर मांडीच्या आतच साचू शकतं. बाहेर एक थेंबही न दिसता. रक्त उसळून येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिथे आधी दाबायचं. हेल्मेटचा विचार त्यानंतर.

दुपारी मी विचारायला आले होते तो प्रश्न निघाला. काढायचं की नाही?

सरांनी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलं होतं. ते म्हणाले, "माणूस नीट श्वास घेतोय, बोलतोय, तर हेल्मेट तुमच्या वाटेत येत नाहीये. राहू द्या. श्वास थांबलाय, घरघर लागलीय, उलटी तोंडात साचतेय आणि हेल्मेटमुळे तुम्हाला तोंडापर्यंत पोचता येत नाहीये, तर काढा." एवढंच. पण त्या 'एवढंच' मागे काय आहे ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मानेत सात मणके. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघणाऱ्या नसा छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला चालवतात, आणि तो पडदा हलला तरच आपण श्वास घेतो. तुटलेला मणका त्या जागी सरकला तर हात-पाय जातात तसा श्वासही जाऊ शकतो. म्हणून मान जपायची. दुसऱ्या बाजूला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांत कायमची हानी सुरू होते. मान जपली आणि माणूस गुदमरला, तर जपलेल्या मानेचा उपयोग कोणाला?

वेगवेगळ्या देशांत या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूंनी बघतात, हेही तिथेच कळलं. ब्रिटनमध्ये वाहनचालकांना सांगतात की अत्यावश्यक असल्याशिवाय मोटरसायकलस्वाराचं हेल्मेट काढू नका. जर्मनीत वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागतो आणि तिथे बेशुद्ध स्वाराचं हेल्मेट काढायला शिकवतात, कारण बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, उलटी घशात जाते आणि बंद हेल्मेटच्या आत हे वेळेवर दिसत नाही. ऐकताना दोन्ही परस्परविरोधी वाटतात. मला तो विरोध वाटत नाही. पहिला सल्ला न शिकलेल्या हातांना आवरतो, दुसरा हातांना आधी शिकवतो आणि मग मोकळीक देतो. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण शिकल्यावरच.

वर्गातल्या एकाने मध्येच म्हटलं, "हेल्मेटच्या वजनामुळेच मान जाते, त्यापेक्षा न घातलेलं बरं." सरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. त्यांनी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यचिकित्सकाबद्दल सांगितलं. १९३५च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला ब्रिटिश सैनिक आणि लेखक, मोटरसायकलवरून पडला. समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना त्याचा तोल गेला होता, डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. त्यानंतर त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पिच्छा पुरवला आणि १९४१मध्ये हेल्मेटचं महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. "आपण इथे हेल्मेट काढायला शिकतोय," सर म्हणाले, "कारण ज्याचं काढायचं तो माणूस जिवंत आहे." तो विषय तिथेच संपला.

आता प्रत्यक्ष काढणं. दोन माणसं लागतात. एक डोक्याकडे, एक छातीच्या बाजूला. डोक्याकडचा दोन्ही तळव्यांनी हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरतो, बोटं खालच्या कडेवरून जबड्यापर्यंत पोचवतो, म्हणजे पट्टा सैल असला तरी हेल्मेट फिरत नाही. छातीकडचा काच वर करतो, श्वास बघतो, चष्मा असेल तर काढतो, पट्टा उघडतो. उघडत नसेल तर बोथट टोकाच्या कात्रीने कापतो. दोन कड्यांमधून ओवलेला पट्टा असेल तर कडीला जोडलेली छोटी पट्टी ओढली की तो सुटतो, पण ओल्या हातमोज्याने ती सापडायला मला पहिल्यांदा वीस सेकंद लागली.

त्यानंतरचा भाग खरा अवघड. छातीकडचा एक हात जबड्याला लावतो, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. दुसरा हात मानेखालून घालून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत नेतो. कोपर जमिनीला किंवा स्वतःच्या मांडीला टेकवतो, नाहीतर हात थरथरतो. मग म्हणतो, "धरलं." हा शब्द ऐकल्याशिवाय डोक्याकडच्याने हेल्मेट हलवायचं नाही. त्याने मग खालच्या कडा बाहेरच्या बाजूला ताणायच्या, म्हणजे कान दुमडत नाहीत. हेल्मेट किंचित मागे कलवायचं, म्हणजे हनुवटीसमोरची पट्टी नाकावरून सुटते. मग उलट बाजूने थोडं फिरवून डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून सोडवायचं. आणि अर्ध्यावर थांबायचं.

त्या थांबण्यातच सगळं आहे. तोवर डोक्याचं वजन हेल्मेटने पेललेलं असतं. मोठ्या माणसाचं डोकं चार-पाच किलोंचं असतं, आणि हेल्मेट निघताक्षणी ते सगळं मानेखालच्या एका तळव्यावर येतं. अर्ध्यावर थांबून तो तळवा आणखी वर सरकवला नाही, तर डोकं खाली पडतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात पडलं. तीन सेंटिमीटर असेल. खालच्या मुलाने "आई गं" म्हटलं आणि मला ते रस्त्यावर आपटलेलं डोकं आठवलं. सरांनी बाजूने काढलेलं चित्रण मोबाइलवर दाखवलं. मला वाटत होतं मी स्थिर होते. चित्रणात हनुवटी होडीसारखी वरखाली होत होती. मी त्या दिवशी अकरा वेळा हेल्मेट काढलं. आठव्या खेपेपासून हनुवटी जागेवर राहू लागली.

एकटं असताना काय, असं कोणीतरी विचारलं. श्वास चालू असेल तर डोकं धरून बसायचं, बोलत राहायचं, मदत येऊ द्यायची. श्वास नसेल तर एकट्याने, जमेल तितकं सांभाळून, पण काढायचंच, आणि छातीदाब सुरू करायचा: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. हृदय थांबल्यावर माणूस काही काळ अधूनमधून मोठे आचके देतो, त्याला श्वास समजू नका, हे सरांनी चार वेळा सांगितलं. मीही सांगते.

घरी आल्यावर धाकट्या भावाला खाली झोपवलं. "ताई, आता पुरे," म्हणेपर्यंत त्याला सोडलं नाही. मग त्याने मला झोपवलं. आमच्याकडची चार हेल्मेटं चार तऱ्हेने उघडतात. माझ्या स्वतःच्या हेल्मेटच्या आत, खालच्या कडेला दोन लाल पट्ट्या निघाल्या. त्या ओढल्या की गालांच्या गाद्या बाहेर सरकतात आणि हेल्मेट एकदम सैल होतं. आणीबाणीत मदत करणाऱ्यासाठीच त्या ठेवलेल्या असतात. चार वर्षं मी ते हेल्मेट वापरत होते. भावाने कात्री माझ्या टाकीवरच्या पिशवीत बांधली, हातमोज्यांच्या तीन जोड्या आणि चकचकीत पातळ ब्लँकेट ठेवलं.

सात महिन्यांनी ती पिशवी उघडावी लागली.

पावसाळी पहाट होती, मी एकटीच होते. वळणानंतर रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कठड्याशी मोटरसायकल आडवी, तिचा दिवा चालू, आणि अलीकडे एक माणूस उताणा. माझ्या मागोमाग एक मालवाहू ट्रक थांबला. चालक पन्नाशीचे असतील. मी त्यांना म्हटलं, "काका, ट्रक असाच मागे आडवा राहू द्या, दिवे चमकत ठेवा. तुमच्या मुलाला बॅटरी घेऊन वळणाच्या मागे पाठवा." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मी इंजिनचं बटण बंद केलं, फोन लावून जमिनीवर ठेवला आणि पायांकडून त्याच्या जवळ गेले. बोलले. उत्तर नाही. हनुवटी छातीवर दुमडलेली, आणि आतून घोरण्यासारखा आवाज, थांबत थांबत.

काच उघडली. तोंडात रक्त होतं. जबड्याच्या कोनामागे बोटं घालून तो पुढे ढकलायचा, म्हणजे डोकं मागे न नेता जीभ सुटते, हे शिकले होते. पण हनुवटीसमोरच्या पट्टीमुळे माझी बोटं तिथवर पोचेनात. आवाज पुन्हा थांबला. मी मनात मोजलं, सहा, सात, मग पुन्हा घरघर. ठरलं.

कोणी काय धरायचं याचा विचार मी घरी करून ठेवला होता. न शिकलेल्या माणसाने हेल्मेट धरायचं, मान मी. काकांना डोक्याशी बसवलं. "दोन्ही हातांनी असं धरा. मी सांगेन तेव्हाच, सांगेन तेवढंच ओढायचं." आधी त्याच्या दोन्ही हातांची नखं दाबून पाहिली. दोन्ही हात त्याने मागे घेतले. पट्टा उघडेना, कापला. मग जबड्याला एक हात, मानेखालून दुसरा, कोपर ओल्या डांबरावर. "धरलं. आता कडा फाकवा. मागे कलवा. हळू." काकांचे हात कापत होते, पण ते घाई करत नव्हते. "थांबा." मी तळवा वर सरकवला. "आता या बाजूला फिरवा आणि ओढा." सगळं वजन हातात आलं. डोकं पडलं नाही.

काकांनी हेल्मेट बाजूला ठेवून पुन्हा दोन्ही बाजूंनी डोकं धरलं, त्यांच्या तोंडून न सांगता "धरलं" निघालं, आणि मी हात सोडवून घेतले. जबडा पुढे ढकलल्याबरोबर घोरणं बंद झालं. श्वास मोकळा, सलग येऊ लागला. तीन-चार मिनिटांनी त्याला ओकारी आली. ट्रकमधल्या मुलाला हाक मारली आणि तिघांनी मिळून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवत त्याला कुशीवर वळवलं. रक्त आणि उलटी बाहेर वाहून गेली. ब्लँकेट पांघरलं. मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला होता, मी नको म्हटलं. कुशीवर पडलेल्या त्या डोक्याला आम्ही आळीपाळीने आधार दिला, आणि मी त्या अनोळखी माणसाला सांगत राहिले की गाडी निघाली आहे, कोणी तुला सोडून जाणार नाही.

रुग्णवाहिका आली. त्यातल्या बाईंनी डोकं ताब्यात घेतलं आणि "आता माझ्याकडे," म्हणाल्यावरच काकांनी हात काढले. मानेला पट्टा बांधता बांधता त्यांनी मला विचारलं, "हेल्मेट कोणी काढलं?"

"आम्ही दोघांनी. श्वास अडकत होता."

"काढण्याआधी हात हलवत होता?"

"नख दाबल्यावर दोन्ही मागे घेतले."

"आणि काढल्यानंतर?"

"दोन्ही. पायसुद्धा."

त्यांनी ते स्वतःच्या हातमोज्यावर पेनाने लिहून घेतलं, वेळेसकट. मग हेल्मेट मागितलं. उजव्या कानशिलाजवळ कवच फुटून आतला फोम दिसत होता. डॉक्टरांना मार कुठे बसला ते बघायला लागतं, म्हणून ते त्याच्या पायांशी ठेवलं आणि दार लावलं.